पान एकतीस

१ फेब्रुवारी १९९८, रविवार

पतसंस्थेची ही डायरी दर वर्षी फुकट येते आणि दर वर्षी रद्दीत जाते. यंदा कामी आली. डॉक्टर म्हणाले, खैरनार, बाईंची साखर रोज लिहून ठेवा. ठेवतो. रुग्णाचं नाव चतुरा सावळीराम खैरनार, वय पंचावन्न, राहणार इंदिरानगर, नाशिक. उपाशीपोटी १९२. जेवणानंतर २७०.

हिची नजर आता परत येणार नाही. काल पक्कं सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय, लेझर करूनही उपयोग झाला नाही. उजेड-अंधार कळतो, समोर कुणी उभं असलं तर कळतं, कोण ते आवाजावरून. रिक्षात मी तेच रिपोर्ट परत परत चाळत होतो. हीच म्हणाली, "द्वारका चौक आला वाटतं, हॉर्न वाढले." मग म्हणाली, "जयरामला सांगा, माझं कार्ड बंद करून टाक म्हणावं."

जयराम म्हणजे कोपऱ्यावरचा लायब्ररीवाला. एका गाळ्यात मावेल एवढी लायब्ररी, आणि आम्ही इथे घर बांधलं त्याला दहा वर्षं झाली, तेव्हापासून ही तिथली मेंबर. वाचणार काय, तर रहस्यकथा, साहसकथा, पोरासोरांच्या गुप्तहेरांच्या गोष्टी. भाकरी तव्यावर आणि पुस्तक मांडीवर. माझ्या कितीतरी भाकऱ्या खुन्यांच्या पायी करपल्या. मी म्हणायचो, पोथी वाचायच्या वयात चोर काय पकडत बसतेस? तर म्हणे, "पोथीचा शेवट ठाऊक असतो."

आता कार्ड बंद. लिहायला एवढं सोपं आहे ते.

३ फेब्रुवारी

उपाशीपोटी १८८. कार्ड बंद करायला गेलो. जयरामने कार्ड हातात घेतलं, बघितलं आणि परत खणात टाकलं. "काका, तुम्ही वाचून दाखवा की." मी म्हटलं, बाबा रे, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं छापील कागद तपासले. शाईचा ठिपका, सुरकुती, सरकलेली रेघ, एवढंच बघायचं. कागद बघायचा, वाचायचा नाही, ही आमची शिकवण. तो हसला आणि एक जाडसर पुस्तक पिशवीत सारलं. कव्हरवर हिरवा कंदील आणि किंचाळणारी बाई. हे घेऊन मी रस्त्याने आलो. ओळखीचं कुणी भेटलं नाही, नशीब.

५ फेब्रुवारी

नियम ठरवला. रोज पाच वाजता, चहा झाल्यावर, एक प्रकरण. कमी नाही, जास्त नाही.

वाचायला बसण्याआधी पुस्तक नीट तपासलं, सवयच आहे. एकतीस नंबरच्या पानावर लायब्ररीचा शिक्का, आणि त्या शिक्क्याखाली कुणीतरी पेन्सिलने बारीकसा गोल काढून त्याला वर शेपटी जोडलेली. दुसऱ्याच्या पुस्तकावर असली घाण करणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग आहे. आमच्या लेकीच्या, तृप्तीच्या जुन्या कंपासपेटीतला खोडरबर शोधून काढला.

"काय घासताय?" हिने विचारलं.

"कुणीतरी पानावर खूण केलीय. पुसतोय."

"असू द्या ना. कुणाला काय त्रास तिचा?"

"कागद स्वच्छ पाहिजे."

मग मी वाचायला सुरुवात केली आणि दोन पानं होतात तोच ही खुदकन हसली. "अहो, खून झालाय. पाणीकपात नाही जाहीर करायची."

१२ फेब्रुवारी

इन्सुलिन आणायला गेलो होतो. परत आलो तर जयराम हिच्या पलंगाशी स्टूल ओढून बसलेला. मला बघून दोघं गप्प झाले. माझ्याविषयीच काहीतरी असणार. प्रेसमध्येही मी खोलीत शिरलो की असंच व्हायचं. जाताना म्हणाला, "काका, पुस्तकं मीच काढून देत जाईन तुम्हाला. तुम्ही शोधू नका." मला काय, बरंच झालं.

१६ फेब्रुवारी

साखर लिहायची राहिली. कारण लिहायला लाज वाटते. काल अकरावं प्रकरण वाचलं, त्यात इन्स्पेक्टर गोदामात अडकतो आणि बाहेरून कडी लागते. आज सकाळी दाढी करताना माझ्या डोक्यात ती कडी. दूधवाल्याला मी दोनदा विचारलं, काय म्हणालास? कडी लावणारा आतल्या गोटातलाच असणार, एरवी त्याला गोदाम ठाऊक कसं?

हिला म्हटलं. ही म्हणाली, "बघा बाई, माझ्या कसं ध्यानात नाही आलं!"

२ मार्च, सोमवार

मी ओळखला. मुनीमच! तीन प्रकरणं आधी ओळखला आणि तसं हिला सांगितलंही होतं. झालं असं की ही मध्येच म्हणाली, "त्या ओल्या छत्रीचं पुढे काय झालं हो?" मी सहज मागे जाऊन बघितलं, तर छत्री ओली आणि पाऊस नाही. मग माझी ट्यूब पेटली. मुनीम विहिरीत उतरला होता! हिने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, प्रेसमध्ये तुम्ही उगाच गेलात, पोलिसात जायला हवं होतं.

साठीचा माणूस मी, आणि आज संध्याकाळभर घरात छाती पुढे काढून फिरत होतो. असा आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवून बघितलं. आठवला नाही.

२१ मार्च

दुसरं पुस्तक संपलं, तिसरं आणलं. एकतीस पानावर पुन्हा तोच शेपटीवाला गोल. दुसऱ्यातही होता. एकाच टवाळाचं काम दिसतंय. जयरामला म्हटलं, तुझ्याकडे एक मेंबर पुस्तकं खराब करतोय, मी त्याला शोधून काढणार. तो गल्ल्याकडे बघत म्हणाला, "असतात काका काही जुनी माणसं. जाऊ द्या." लायब्ररी अशी चालवतात का? शिस्त म्हणून नाही.

१९ एप्रिल, रविवार

उपाशीपोटी १७०. हिच्या पायांवर सूज आहे.

सध्या पोरांचं पुस्तक चालू आहे. चार पोरं आणि एक कुत्रा डोंगरातल्या गुहेत शिरतात आणि आत दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीची राख सापडते, अजून गरम. मी जयरामला म्हटलं होतं, हे काय, बालवाडीचं? आता तो कुत्रा गुहेत मागे राहिलाय आणि मला चैन पडत नाही.

सटाण्याकडे आमच्या वस्तीवर पुस्तक म्हणजे शाळेचं, आणि तेही दोन भावांत एक. त्या वयात मी कधी गुहेत गेलो नाही, कुणाचा पाठलाग केला नाही, भुताच्या बंगल्यावर पैज लावली नाही. कांद्याच्या वाफ्याला पाणी मात्र पुष्कळ धरलं. आज वाचता वाचता थांबलो आणि हिला हे सांगितलं. ही पण तिकडचीच, चार कोसांवरची. म्हणाली, "मला मास्तरीणबाई द्यायच्या पुस्तकं. घरी कळू नये म्हणून मी कांदे साठवायच्या चाळीत बसून वाचायची. अजून चांगली गोष्ट आली की मला कांद्याचा वास येतो."

चौतीस वर्षांचा संसार झाला आणि हे मला आज कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

२० एप्रिल

कुत्रा सुखरूप आहे.

१० मे

आज हिच्याकडून बोलणी खाल्ली. शेवट वाचायला तीन दिवस होते, मी हळूच मागचं पान उघडायला गेलो. डोळ्यांनी दिसत नाही, पण कागदाच्या आवाजावरून हिने पकडलं. "शेवटचं पान आधी बघणारा माणूस चोर! असं करायचं असेल तर पुस्तक परत करून या."

मी म्हटलं, मला फसायचं नाही.

"अहो, फसण्यातच तर मजा आहे. तीनशे पानं आपण एकाकडे बोट दाखवायचं आणि तो हळूच मागून येऊन म्हणायचा, मी इथे आहे. तसं फसायला मिळालं ना, की दिवस सोन्याचा." असं म्हणाली आणि जरा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. खिडकीतून हिला उजेडाचा चौकोन तेवढा दिसतो. मी शपथ घेतली की शेवट कधीच आधी बघणार नाही. हिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली.

२६ जून

मूत्रपिंडावर आलंय. डॉक्टर पुष्कळ बोलले, मी कागदावर लिहून घेतलं, घरी येऊन वाचलं तर माझंच अक्षर लागेना. तृप्तीला ठाण्याला फोन केला. ती येते म्हणाली. मी म्हटलं, इतक्यात नको, मुलांच्या शाळा आत्ताच सुरू झाल्यात.

पाच वाजता वाचलं. ही मध्ये दोनदा झोपली. मी थांबलो की जागी होऊन म्हणायची, "वाचा ना, ऐकतेय." एक गंमत लक्षात आली. झोपेत गेलेला भाग परत वाचू का विचारलं तर नको म्हणते, तरी पुढचं सगळं बरोबर लागतं हिला. हुशार आहेच.

११ ऑगस्ट, मंगळवार

नऊ पुस्तकं झाली. नवापैकी सात खुनी मी पकडले. अर्थात ही अधूनमधून काहीतरी विचारते आणि मला त्यातून धागा मिळतो, पण पकडतो मीच.

आज जयराम गावाला गेलेला. त्याची बायको गल्ल्यावर होती, तिला पुस्तकांतलं काही कळत नाही. म्हटलं, चला, आपणच निवडू. कोपऱ्यात सुतळी बांधलेला एक जुना गठ्ठा होता, त्यात हात घालून एक काढलं. नाव 'मचव्यावरचा चौथा माणूस'. कोकणातली खाडी, दीपगृह, आणि तांडेल म्हणजे नावाडी धरून तीन माणसं घेऊन निघालेला मचवा, शिडाची होडी. दीपगृहाचा रखवालदार सांगतो, मी वरून मोजली, चार माणसं होती. पलीकडच्या किनाऱ्याला लागतात तीनच, आणि त्यातला एक मेलेला. माझं स्वतः निवडलेलं पहिलं पुस्तक. उगाच ऐटीत घरी आलो.

मात्र पुस्तक म्हणजे धर्मशाळा होती. कुठल्या कुठल्या लायब्ऱ्यांचे शिक्के आणि एकतीस पानावर तर जत्रा, फुल्या, अक्षरं, गोल, त्रिकोण. बघत बसलो नाही, सगळं घासून साफ केलं.

१९ ऑगस्ट

आज प्रकरण संपल्यावर ही म्हणाली, "आणखी एक वाचा ना." मी घड्याळ बघितलं. म्हटलं, नियम. ही म्हणाली, बरं.

२४ ऑगस्ट

पुन्हा तेच. "अर्धं तरी." उद्या गणपती बसायचेत, घरात पसारा, नाही म्हटलं. आणि एक नवीनच. आजवर कुणाचा संशय येतो विचारलं की ही म्हणायची, तुम्ही सांगा, मला नाही बाई कळत. आता मी चहा करत असलो तरी हाका मारते. "अहो, तांडेलाचा बुडालेला भाऊ! तो बुडालाच नसेल. तोच चौथा!" थोड्या वेळाने परत, "पण मग त्याचा डबा किनाऱ्यावर कसा?" सूज इतकी की चप्पल पायात जात नाही, आणि ही पलंगावर बसून डब्याचा विचार करते. गाल लाल झालेले. मला वाटतं ताप असावा. थर्मामीटर लावला, नव्हता.

३० ऑगस्ट, रविवार

वीस प्रकरणं झाली, दोन उरली. आज हिने माझं मनगटच धरलं. "उद्याचं आज वाचा. दोन्ही वाचून टाका. माझ्यासाठी." दम लागत होता, वाक्य तुटत होतं. मी म्हटलं, आधी विश्रांती, उद्या पाचला एक, परवा पाचला एक. ही चक्क रुसली, भिंतीकडे तोंड करून निजली.

सहा महिन्यांत असा हट्ट हिने कधी केला नव्हता. आजारात माणसाचं लहान मूल होतं म्हणतात ते खोटं नाही. लहान मुलाचे लाड किती करायचे ते मोठ्याने ठरवायचं असतं.

३१ ऑगस्ट

सकाळी श्वास लागेना. अॅम्ब्युलन्सने दवाखान्यात नेलं. आयसीयूत घेतलंय. तृप्ती निघाली.

१ सप्टेंबर

दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं आत सोडतात. नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा. पुस्तक पिशवीत घेऊन गेलो होतो, सिस्टर म्हणाल्या इथे वाचनबिचन नाही.

मी बोललो तसं हिने मुखवटा जरा सरकवला. "शेवट बघितलात?"

"छे! तुझ्याशिवाय? शपथ घेतलीय ना मी."

ही माझ्या दिशेने बघत राहिली. मग अगदी हळू, माहेरच्या बोलीत विचारलं, जी ही माझ्याशी कधी बोलत नाही, "तो चौथा कोन शे?"

मी म्हटलं, "घरी चल, मग कळेल. पाच वाजता." मला बरं सुचलं असं वाटतं. शेवट राखून ठेवला की माणूस घरी यायची धडपड करतो. ही "बरं" म्हणाली आणि सिस्टरनी मला बाहेर काढलं.

२ सप्टेंबर, बुधवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली.

११ सप्टेंबर

आज दहावा. रामकुंडावर एवढे कावळे असतात की भात मांडायची खोटी. आमच्या पिंडाला एकही शिवेना. चारी बाजूंनी बसलेले, बघतात आणि मान फिरवतात. दीड तास झाला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर कबूल करा. तृप्ती रडत म्हणाली, आई, मी बाबांना एकटं ठेवणार नाही. शिवेना. मी म्हटलं, पाटल्या तृप्तीला देईन. तुळस वाळू देणार नाही. गोळ्या वेळेवर घेईन. सटाण्याच्या तुझ्या बहिणीला दिवाळीला आणीन. एकेक आठवून सगळं कबूल केलं, तोंड सुकलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. छत्तीस वर्षं मी पुराव्याचा माणूस. पण मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. काय राहिलं असेल हिचं?

२३ सप्टेंबर

तृप्ती ठाण्याला गेली. चल म्हणत होती, मी नाही गेलो. पाच वाजता चहा करतो. दोन कप होतो. खुर्ची तिथेच ठेवली आहे. पुस्तक कपाटावर आहे, दोन प्रकरणं तशीच. उघडवत नाही. साखर लिहायची नाही तरी वही उघडून बसतो.

२५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. जयराम लायब्ररी बंद करतोय. केबल आल्यापासून माणूस फिरकत नाही, गाळ्यात कॉम्प्युटर क्लास निघणार. पुस्तक परत द्यायला म्हणून गेलो. पोती भरणं चाललं होतं. तो म्हणाला, "काका, राहू द्या ते. आणि काकूंना वाचून दाखवलेली बाकीची पण घेऊन जा, मी बाजूला काढून ठेवलीत."

नऊ पुस्तकं त्याने माझ्यापुढे ठेवली. वरचं उघडून एकतीस पान काढलं आणि जरा वेळ बघत राहिला. दुसरं उघडलं. तिसरं. "काका, इथला काकूंचा कांदा कुठे गेला?"

"कसला कांदा?"

"खूण हो काकूंची. जुने मेंबर करतात ना, पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर बारीक खूण, म्हणजे तेच पुस्तक परत घरी जात नाही. काकूंचा कांदा असायचा. शिक्क्याखाली. सटाण्याच्या ना त्या."

गोल आणि त्याला वर शेपटी. कांद्याची पात. मी स्टुलावर बसलो.

"म्हणजे ही पुस्तकं हिची आधीच..."

"सगळी वाचलेली. काही दोन-दोनदा." जयराम पोत्याचं तोंड बांधत होता, माझ्याकडे न बघता बोलला. "मी आलो होतो ना तुमच्याकडे फेब्रुवारीत. तेव्हाच म्हणाल्या, जयराम, माझं वाचून झालं. आता यांना वाचनाचा नाद लाव. आधी सोपी सोपी दे, ज्यात चोर लगेच सापडेल अशी. मी म्हटलं, काकू, तुम्हाला कंटाळा येईल. तर म्हणाल्या, येऊ दे. मी गेल्यावर हा माणूस संध्याकाळी पाच वाजता करणार काय?"

ओली छत्री. गुहेतली राख. झोपेत गेलेली पानं. बघा बाई, माझ्या कसं ध्यानात नाही आलं. मी कुणालाही पकडलं नव्हतं. हिने प्रत्येक चोर हाताला धरून माझ्यापुढे आणून उभा केला होता.

"आणि हे?" मी पिशवीतून मचव्याचं पुस्तक काढलं.

त्याने उलटसुलट करून बघितलं. "हे मी नाही दिलं. हा गठ्ठा रद्दीवाल्याकडून उचललेला, बंद पडलेल्या लायब्ऱ्यांचा. नाशिकरोडच्या पण आहेत त्यात. तुम्ही प्रेसच्या क्वार्टरमध्ये राहत होता तेव्हा काकू तिथे जायच्या. वाचलेलं असेलही. कांदा होता का बघा ना."

बघा म्हणे. मी पुसला होता.

घरी आलो आणि ही वही पहिल्या पानापासून वाचली. एकोणीस ऑगस्ट, चोवीस ऑगस्ट, तीस ऑगस्ट. मला कळायला लागलंय. पण पुरावा पाहिजे. हिने ते वाचलेलं असू दे. देवा, एवढं असू दे, हिला शेवट ठाऊक असू दे.

२६ ऑक्टोबर

प्रेसमध्ये एक गोष्ट शिकलो. शाई पुसता येते, दाब पुसता येत नाही. कागद डोळ्यांच्या रेषेत आडवा धरायचा आणि उजेड बाजूने येऊ द्यायचा, म्हणजे पेन्सिल जिथून गेली तिथे बारीक चर दिसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी सातला असं ऊन येतं. भिंग अजून आहे माझं.

पहिलं पुस्तक, कांदा. दुसरं, कांदा. असे नऊ. नवाच्या नवांत, शिक्क्याखाली, एकाच हाताचा, जरा उजवीकडे झुकलेला. बोट फिरवलं तर बोटालाही लागतो. माझ्या खोडरबराने वरचं काळं तेवढं नेलं.

मग दहावं घेतलं. कोपर ओट्यावर टेकवलं. एक फुली. एक 'र'. एक त्रिकोण. एक टिंब. आणि शिक्क्याच्या खाली एक गोल. भिंग जवळ नेलं, लांब नेलं, पान फिरवून दुसऱ्या बाजूने उजेड घेतला. उन्हाचा पट्टा सरकेपर्यंत, अर्धा तास.

शेपटी नाही. नुसता गोल आहे, मोठा, घट्ट दाबून काढलेला, दुसऱ्याच कुणाचा.

हिने ते वाचलेलं नव्हतं. त्या सहा-सात महिन्यांत एकच गोष्ट हिच्यासाठी नवी होती, ती मी चुकून आणली, आणि दोन प्रकरणं उरली असताना घड्याळ बघून मिटली. दवाखान्यात हिने मला विचारलं. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. व्हरांड्यात जाऊन शेवटचं पान उघडायला एक मिनिट पुरलं असतं. परत येऊन कानात एक नाव सांगायचं, बस. रामकुंडावर पाटल्यांपासून तुळशीपर्यंत सगळं कबूल केलं, हे सोडून.

मी फार रडलो आज. लिहून ठेवतो, लाज कसली.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

पाच वाजता चहा केला, दोन कप. हिची खुर्ची खिडकीकडे वळवली. एकविसावं प्रकरण मोठ्याने वाचलं. पाणीकपात जाहीर केल्यासारखं होऊ नये म्हणून सावकाश, आवाज चढवत उतरवत. संपल्यावर घड्याळ बघितलं नाही. बाविसावंही वाचलं.

तांडेलाचा भाऊ नव्हता. तो खरंच बुडाला होता. चौथा माणूस दीपगृहाचा रखवालदार, ज्याने वरून चार मोजले असं पहिल्या पानापासून सगळ्यांना सांगितलं, तोच. तो वर नव्हताच, मचव्यात होता. डबाही त्याचाच. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही, आणि हिच्याही आलं नव्हतं. ही चुकली होती. पार फसली होती. किती खूश झाली असती! मांडीवर थाप मारून म्हणाली असती, फसवलं की हो मेल्याने! दिवस सोन्याचा झाला असता हिचा. मी खुर्चीकडे बघून म्हटलं, "रखवालदार होता गं."

मग पेन्सिलला टोक केलं. एकतीस पान काढलं. शिक्क्याखाली कांदा काढला, जरा उजवीकडे झुकलेला, हिच्यासारखा. शेपटी थोडी लांब झाली. पुसली नाही.